तीन सूत जास्त

मंगळवारी सकाळपासून नाझारियो आर्चुलेताच्या पायाला भिंगरी लागली होती. गॅरेजातून अंगणात, अंगणातून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून परत गॅरेजात. मध्येच फोन कानाशी लावायचा आणि काही न बोलता खाली ठेवायचा. यंदा जर्दाळूचा बहर हिमानं जळाला नव्हता, सगळी आळी त्या आनंदात होती. याला ना बहर दिसत होता, ना आळी. एकसष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर एक केस काळा नाही, आणि परीक्षेचा निकाल लागायचाय अशा चेहऱ्यानं फिरत होता.

"बसशील का रे एका जागी?" त्याची बायको ओफेलिया स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "तू फेऱ्या मारल्यास म्हणून शाफ्ट लवकर होणार आहे का?"

"मंगळवारी देते म्हणाली होती ती बाई."

"मग मंगळवार संपू दे की."

"शुक्रवार काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

ओफेलिया पुन्हा चुलीकडे वळली. शुक्रवार कुणासाठीच थांबणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांच्या आसापर्यंत जाणारा पोकळ लोखंडी दांडा. तो नसला तर इंजिन नुसतंच गुरगुरतं, गाडी जागची हलत नाही. गॅरेजातल्या पन्नास सालच्या शेव्हरोलेचं काम नऊ वर्षं चाललं होतं आणि ते आता या एका दांड्यापाशी येऊन अडलं होतं. मूळ शाफ्ट जुन्या इंजिनाबरोबर कधीच भंगारात गेला. नवं इंजिन एका ट्रकचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, मागचा आस एस्पान्योलाच्या भंगारवाल्याकडे उलट्या पडलेल्या तिसऱ्याच गाडीचा. तीन घरच्या तीन तऱ्हा; त्यांना जोडणारा दांडा कुठल्या दुकानात तयार मिळणार? नाझारियोनं भंगारातले सात शाफ्ट घरी आणून लावून पाहिले. एकाचा पुढच्या टोकाचा काटा गिअरबॉक्सच्या सत्तावीस दातांवर झकास बसायचा, पण दांडा आखूड. दुसऱ्याची लांबी चालण्यासारखी, तर मागच्या सांध्याचा क्रॉस लहान. शेवटी अल्बुकर्कीच्या शाफ्टवाल्या सिमोना बाकाकडे नवाच बनवायला टाकला.

माप नाझारियोनं स्वतः घेतलं होतं. टेपला दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही. टेकडीवरच्या प्रयोगशाळेत त्यानं चौतीस वर्षं लेथ चालवली होती. केसाचे वीस भाग करावेत असलं बारीक मापाचं काम, आणि चौतीस वर्षांत त्याचा एकही नग परत आला नव्हता. हे तो लोकांना सांगायचा नाही. लोकांना आधीच माहीत असायचं, कारण गेल्या वर्षी त्यानंच सांगितलेलं असायचं.

मोजलं मात्र अगदी शास्त्राप्रमाणे. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर वजन, नेहमी रस्त्यानं चालेल तेवढ्याच उंचीला. काटा गिअरबॉक्सात पूर्ण आत ढकलायचा आणि मग सहा सूत, पाऊण इंच, बाहेर ओढायचा, म्हणजे चालताना मागंपुढं सरकायला जागा राहते. मग टेप. त्रेपन्न इंच अडीच सूत. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

"आणि उचलल्यावर किती भरतं?" सिमोनानं फोनवर विचारलं होतं. "तुमच्या खोऱ्यातल्या गाड्या बेडकासारख्या उड्या मारतात. खाली, मधे, वर, तिन्ही मापं द्या मला."

"बाई, माझं वय एकसष्ट आहे. माझी गाडी उड्या मारत नाही, रस्त्यानं जाते."

"पण गाडी उचलायचा पंप बसवलाय ना?"

"बसवलाय. शोभेला."

"शोभेचे पंपच जास्त चालतात, बघा. तिन्ही मापं दिलीत तर बरं."

"एक दिलंय ते सुतात आहे. तेवढं पुरे."

"बरं बाबा. मग उद्या माझ्या नावानं खडे फोडू नका."

पंप शोभेचा मुळीच नव्हता. पंप कासिमिरोच्या नवसाचा होता. फोनवर एका अनोळखी बाईला ते सांगायची नाझारियोला लाज वाटली, एवढीच गोष्ट. पण माणूस लाजेपोटी जे बोलतो तेच पुढं त्याला खरं वाटायला लागतं. माप घेताना त्याच्या डोक्यात रस्ता होता, नवस नव्हता.

कासिमिरो त्याचा थोरला भाऊ, चौऱ्याहत्तरचा. चाळीस वर्षं त्यानं या खोऱ्यातल्या गाड्या रंगवल्या, तोंडाला फडकं न बांधता. फडकं बांधलं की रंग वासानं कळत नाही म्हणे. त्या वासानंच त्याची फुप्फुसं खाल्ली. दोन हिवाळ्यांमागं सान्ता फेच्या इस्पितळात तो अठरा दिवस नळ्यांत होता, आणि तिथं तो नवस बोलला: घरी परत गेलो तर गुड फ्रायडेला चिमायोच्या देवळापर्यंत चालत येईन आणि तिथल्या बाळयेशूच्या, सान्तो निन्योच्या, दारात गुडघे टेकीन. घरी आला, पण नाकात नळी आणि सोबत प्राणवायूची टाकी घेऊन. दहा पावलांत धाप लागायची. वाकलं की श्वास कोंडायचा. गुडघे टेकले असते तर तिथून उठवायला चौघं लागले असते, तेही खांद्यावर घेऊनच. मग त्यानं परस्पर तोडगा काढला.

"गाडीला चार पाय आहेत," तो म्हणाला होता. "पंप बसव. दारात गेली की ती टेकेल गुडघे. पुढून खाली, मागून वर. माझ्या वतीनं."

"असं चालतं का नवसात?"

"देवाला गाड्या कळतात रे. न कळायला तो काय सान्ता फेचा शहरी बाबू आहे?"

मग डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्या उंचीवरची विरळ हवा याला झेपायची नाही, खाली कुठं तरी न्या. त्याची मुलगी रोसेन्डा फिनिक्सला असते. ती शनिवारी येऊन त्याला कायमचा घेऊन जाणार होती. म्हणजे हाच शुक्रवार, दुसरा नाही. भावाच्या जाण्याबद्दल नाझारियो चकार शब्द काढत नव्हता. शाफ्टबद्दल मात्र दिवसभर बोलत होता.

मंगळवार संपला. बुधवारी त्यानं फोनची वाट न बघता सरळ अल्बुकर्की गाठलं. सिमोनानं काळा चकचकीत शाफ्ट बाकावर ठेवला होता, दोन्ही टोकांना नवे क्रॉस, तोल साधायला एका बाजूला बोटभर पट्टी डकवलेली. नाझारियोनं टेप काढला आणि तिच्यासमोर मोजला. त्रेपन्न, अडीच सूत.

"पास झाले का मी?" सिमोनानं विचारलं.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. हे त्याच्या तोंडचं फार मोठं कौतुक होतं.

"एकदा पूर्ण वर उचलून बघा, गावभर मिरवायच्या आधी. उद्यापासून मी बंद आहे, सोमवारी उघडणार."

त्यानं मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही.

संध्याकाळी शाफ्ट बसवला. पिकल्या जर्दाळूच्या रंगाची ती गाडी, कासिमिरोच्या हातचा शेवटचा रंग, पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर पडली. नदीपर्यंत गेली, पुलावरून वळली, परत आली. कुठं थरथर नाही, कुरकुर नाही. ओफेलिया शेजारी बसली होती. तिनं टपावर ठेवलेली नाण्यांची चवड घरी येईस्तोवर पडली नाही, अशी बात तिनं नंतर आळीभर केली. चवड वगैरे काही नव्हती. पण बात खोटी म्हणता येणार नाही, इतकी गाडी गुळगुळीत चालली होती. नाझारियो त्या रात्री आठवडाभरात पहिल्यांदा झोपला.

गुरुवारी दुपारी त्याला पंप आठवला. बॅटऱ्या भरलेल्या होत्या. पुढचं बटण दाबलं, गाडीनं नाक खाली घातलं. मागचं दाबलं, पाठ वर यायला लागली. आणखी वर. आणखी. आणि पार माथ्याला पोचायच्या जरा आधी गाडीच्या पोटातून आवाज आला, ठक्. हाडावर हाड आपटावं तसा.

असले आवाज त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात ऐकले होते.

चार ठोकळे लावून तो खाली शिरला. मागचा आस ज्या दांड्यांना टांगलेला असतो ते दांडे बिजागरीसारखे फिरतात. गाडी वर गेली की आस खाली लोंबतो आणि लोंबता लोंबता पुढं सरकतो. हे शेंबड्या पोराला कळतं. या खोऱ्यातल्या शेंबड्या पोराला तर नक्कीच कळतं. आस पुढं आला, त्यानं शाफ्टला पुढं ढकललं, आणि काट्याचे कान गिअरबॉक्सच्या तोंडावर जाऊन बसले. नाझारियोनं पडल्या पडल्या मोजलं. सरकायला जागा सहा सूत. हवी होती नऊ. शाफ्ट तीन सूत जास्त लांब होता.

तीन सूत. प्रयोगशाळेत याला चूक म्हणत नसत, आंधळेपणा म्हणत.

कान घासून कमी करता येतील का? क्रॉस तिथंच बसतो, घासायला मांस नाही. पाठ कमी उचलली तर? त्यानं अर्धी उचलून पाहिली. गाडी गुडघे टेकतेय असं वाटेना. खाली पडलेली किल्ली शोधतेय असं वाटत होतं. दुकान बंद. एस्पान्योलात दोघा-तिघांकडे लेथ होती, पण शाफ्ट कापून, जोडून, तोल साधून एका दिवसात देणारा माणूस नव्हता. तरी त्यानं तिघांनाही फोन केले. तिघांच्याही बायकांनी सांगितलं की ते चिमायोच्या वाटेवर पाणी वाटायला गेलेत.

तेवढ्यात अंगणात काठी वाजली. दोन्ही भावांच्या घरांमधल्या पायवाटेवर ओफेलियानं दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, कासिमिरोला बसत बसत येता यावं म्हणून. तो दुसऱ्या खुर्चीवर टेकला होता, मांडीवर टाकी, हातात झाकलेली ताटली, गुड फ्रायडेला करतात त्या गव्हाच्या गोडाची.

"पानोचा आणलाय. यंदा गोड जास्त झालाय, बोलू नकोस काही." त्यानं श्वास घेतला. "काय रे, बघितलंस का टेकवून?"

"बघितलं, मानो." थोरल्या भावाला तो मानोच म्हणायचा.

"टेकते?"

नाझारियोनं हात पुसले. ते पुसण्याजोगे मळलेले नव्हते, तरी पुसले.

"टेकते," तो म्हणाला.

"वा रे साहेब!" कासिमिरोचा चेहरा इतका फुलला की नाझारियोला तिकडं बघवेना. "रोसेन्डाला म्हटलं, तू शनिवारी ये, आधी येऊ नकोस. शुक्रवारी मला काम आहे."

त्या रात्री नाझारियोनं पानोच्याला हात लावला नाही. त्याचा बेत असा होता की दारापर्यंत जायचं आणि पंपानंच दगा दिला म्हणून सांगायचं. पंपाला काय, बोल लावला तर तो उलटून बोलत नाही. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. ओफेलियानं दोनदा विचारलं काय झालं, आणि दोनदा ऐकलं, काही नाही.

शुक्रवारी सकाळी निघाले. ओफेलिया पहाटेच आपल्या बहिणींबरोबर चालत गेली होती. रस्त्याच्या दोन्ही कडांनी माणसांची रांग. कुणी अनवाणी, कुणी खांद्यावर क्रूस, कुणी झोपलेलं मूल. मधून गाड्या पावलापावलानं सरकत होत्या. पोरं जर्दाळूरंगी गाडीकडे बघून शिट्ट्या घालत, बाया हात हलवत. कासिमिरो खिडकीत कोपर टेकून बसला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा, टाकी दोघांच्या मधे. ज्याला त्याला हात करत होता. नाझारियोचे डोळे समोरच्या बंपरवर होते आणि पाठ घामानं भिजली होती. रस्ता संपू नये असं त्याला वाटत होतं, आणि एकदाचा संपावा असंही.

खालच्या वळणावर पोलिसानं अडवलं. पुढं फक्त चालणारे. मग त्यानं खिडकीत वाकून बघितलं.

"कासिमिरोकाका! माझी पहिली गाडी तुम्ही रंगवली होतीत."

"हिरवी. आणि तू महिन्यात ठोकलीस."

पोलीस हसला आणि त्यानं अडथळा बाजूला केला.

देवळासमोरची गल्ली उताराची. दारासमोर मातीचा चौक, माणसांनी भरलेला. लोकांनी वाट दिली. नाझारियोनं गाडी दाराकडे तोंड करून उभी केली आणि इंजिन बंद केलं. कासिमिरोनं टोपी काढून मांडीवर ठेवली, क्रूसाची खूण केली आणि बटणाकडे हात नेला.

नाझारियोनं त्याचं मनगट धरलं.

"नको."

"काय झालं?"

पंपाचं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं. तयार होतं. पण ते मनगट त्याच्या मुठीत दोनदा मावेल इतकं बारीक झालं होतं, आणि हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

"शाफ्ट लांब आहे. तीन सूत. पूर्ण टेकवली तर गिअरबॉक्स फुटेल. मी उचलून मोजलंच नाही, मानो. ती बाई सांगत होती, ऐकलं नाही. काल कळलं. काल तुझ्याशी खोटं बोललो."

मागं खालच्या वळणावर कुणीतरी भोंगा वाजवला.

"काल का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"लाज?" कासिमिरो त्याच्याकडे वळला. "मी नाकात नळी घालून गावभर हिंडतो. न्हाणीघरात मला तुझी बायको धरते. आणि तुला तीन सुतांची लाज?"

"अर्धी उचलू या. थोडी तरी वाकेल."

"अर्धा नवस आणि अर्धी दाढी, कुणाला दाखवायची?" त्याला ढास लागली. ती थांबल्यावर तो हळू म्हणाला, "जाऊ दे. चल घरी. देव समजून घेईल."

हे ऐकणं नाझारियोला शिवीपेक्षा जड गेलं. तो किल्लीला हात घालणार, तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाफ्ट लांब आहे तो टेकवायला. टेकवायला शाफ्ट लागतोच कुठं? पंप बॅटरीवर चालतो.

तो उतरला, डिकीतून पाना काढला, मागच्या चाकांपुढं दगड लावले आणि धुतल्या सदऱ्यानिशी चौकातल्या मातीत पाठीवर पडून गाडीखाली शिरला. चार बोल्ट. गर्दीतून बूट दिसत होते, काठ्या दिसत होत्या, एका पोराचं वाकून बघणारं तोंड दिसत होतं. दांडा बाहेर ओढला तेव्हा गिअरबॉक्समधून लाल तेलाची धार मातीत पडली. एक म्हातारी किंचाळली आणि तिनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"तेल आहे, मावशी, तेल!" नाझारियो खालून ओरडला. "गिअरबॉक्सचं!"

"आजच्या दिवशी लाल कशाला?" म्हातारी म्हणाली.

पिशवी आणि रबर लावून त्यानं धार बंद केली, शाफ्ट काखेत घेऊन बाहेर आला, केसांत माती, छातीवर लाल डाग. "दाब," तो म्हणाला.

एक अडचण होती. शाफ्ट नाही म्हणजे गिअर गाडीला धरून ठेवत नाही, हातब्रेकची तार अजून बसवायची होती, आणि उतार होता. टेकताना आस सरकतो, त्याबरोबर चाकं घरंगळतात. पाठ उचलायला लागली तशी गाडी दाराकडे बोटभर गेली, आणि मागचे दगड निसटले. नाझारियोनं त्यातला एक उचलला, धावत येऊन पुढच्या चाकाखाली घातला, आणि तो ढळू नये म्हणून दोन्ही हातांनी रेटून धरला. उभं राहून ते जमेना. तो गुडघ्यांवर बसला.

नाक मातीला लागलं. पाठ पार वर गेली. ठक् झालं नाही. चौकातला गलका आपोआप थांबला. जर्दाळूरंगी गाडी देवळाच्या दारात गुडघे टेकून होती, आणि आत कासिमिरो डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकून, डोळे मिटून ओठ हलवत होता.

तो फार वेळ तसा राहिला. दगडाची धार नाझारियोच्या तळव्यात रुतत होती.

"मानो," त्यानं खिडकीकडे बघून हळूच विचारलं, "झालं का?"

"माझं मघाशीच झालं." कासिमिरोनं डोळे उघडले नाहीत. "तू गुडघ्यांवर आहेस म्हणून थांबलोय. माग काय मागायचं ते."

"मी दगड धरलाय."

"धर की. दगड धरून मागता येत नाही का?"

नाझारियोला मागायचं होतं ते एकच होतं, आणि ते द्यायची ताकद देवळात नव्हती, पुढच्या सीटवर होती. त्यानं मान खाली घातली.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

वरून टाकीचा सूं-सूं आवाज आला.

"उद्या जावंच लागणार, वेड्या," कासिमिरो म्हणाला. "पण आत्ता कुठं चाललोय मी?" त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि भावाच्या मातीनं भरलेल्या डोक्यावर ठेवला.

मागं पुन्हा भोंगा वाजला. नाझारियोनं दगड सोडला नाही.